फोल्डर कुणी बनवायचा? कुपवाडच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

सामायिक सर्व्हरवर सगळ्यांना फोल्डर बनवू देऊ नका, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, हा कामगारांवर अविश्वास आहे आणि नवी पार्टी (म्हणजे नवा ग्राहक) आली की काम अडून राहील. दोन, फोल्डर करायला 'डिनाय' म्हणजे सरळ मनाई लावल्यावर एक्सेलच्या फाईलीच सेव्ह होईनात, म्हणजे पद्धतच चुकीची.

आधी दुसरा घेतो, कारण तिथं तुमचं काम खोळंबलंय. विंडोजमध्ये 'क्रिएट फोल्डर्स' आणि 'अपेंड डेटा' ही एकच परवानगी आहे. फोल्डरला लावली तर आत नवा फोल्डर करता येतो, फाईलला लावली तर मजकुरात भर घालता येते. तुमचा डिनाय 'धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स'वर बसला असणार. त्यानं फाईलवर लिहिणंही बंद केलं. तो डिनाय काढाच. त्याऐवजी परवानग्यांच्या यादीत कामगारांच्या ग्रुपच्या दोन नोंदी करा. पहिली 'धिस फोल्डर ओन्ली', तिच्यात 'मॉडिफाय' (वाचणं, लिहिणं, बदलणं, काढणं) देऊन 'क्रिएट फोल्डर्स' आणि 'डिलीट' या टिका काढा. दुसरी 'सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली', तिच्यात मॉडिफाय पूर्ण ठेवा. फाईलवरचा डिलीट मात्र काढू नका. एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती फाईल लिहितं आणि जुनी काढून टाकतं.

एवढं करूनही फोल्डर बनतच राहिला, तर ड्राइव्हच्या मुळाशी बघा. नव्या ड्राइव्हवर 'यूजर्स' ग्रुपला फोल्डर करायचा हक्क आधीपासूनच असतो आणि तो वारशानं खाली येतो. परवानग्यांची बेरीज होते, त्यामुळे तुमच्या ग्रुपमधली टिक काढून भागत नाही. आधी इनहेरिटन्स म्हणजे हा वारसा तोडा, 'यूजर्स'ची ती नोंद काढा.

आता अविश्वासाचं. हे मला मनापासून पटत नाही. मी बंद करायला सांगतो ती फक्त वरची पातळी, जिथं पार्ट्यांची नावं असतात. त्याच्या आत, जॉबच्या म्हणजे एकेका कामाच्या फोल्डरात हवे तेवढे फोल्डर करा, तिथं कुणी अडवत नाही. तुमच्यासारख्याच एका कारखान्यात सुधारित ड्रॉइंग कुणीतरी पार्टीच्या फोल्डराशेजारी 'न्यू फोल्डर'मध्ये ठेवलं. लेथवरच्या माणसानं नेहमीच्या जागेवरचं जुनं उघडलं आणि माल जुन्या मापाचा निघाला. दोघंही प्रामाणिक, दोघंही कामात चोख. नुकसान झालं ते जागा ठरलेली नव्हती म्हणून, आणि बोलणी मात्र लेथवाल्यानं खाल्ली. माझा राग त्यावर आहे.

बॅकअपचंही तेच. बहुतेक ठिकाणी ठरावीक फोल्डरांचाच बॅकअप लागलेला असतो, शेजारी उगवलेला त्यात येत नाही आणि मशीन बिघडलं की तो गेलाच. २०१९ च्या महापुरात सांगलीत किती दुकानं-ऑफिसं पाण्याखाली गेली हे तुम्हाला मी सांगायला नको.

नव्या पार्टीसाठी मला फोन करायची गरजच नाही. ऑफिसातली दोन जबाबदार माणसं वेगळ्या ग्रुपमध्ये घाला, फोल्डर करायचा हक्क त्या ग्रुपला द्या. एक सुट्टीवर असेल तर दुसरा करेल. ग्रुपमध्ये घातल्यावर त्यांना एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा, त्याशिवाय नवा हक्क लागू होत नाही. आणि तपासणी ॲडमिनच्या लॉगिननं करू नका, साध्या युजरच्या लॉगिननं करा. तरीही एक्सेल 'रीड ओन्ली'च उघडलं तर 'ॲडव्हान्स्ड'मधल्या 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'वर त्या युजरचं नाव टाकून काय दिसतं ते इथंच लिहा, मी बघतो.