शास्त्रीजींचं शरीर निळं पडलं होतं, म्हणून विष? जरा थांबा

जानेवारीची ११ तारीख जवळ आली की ते फॉरवर्ड ग्रुपवर येतंच. १९६६ ला तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींना विष दिलं आणि त्याचे पुरावे म्हणे हे: शरीर निळं पडलेलं, पोटावर-मानेवर कापल्याच्या खुणा, शेवटचं जेवण भलत्याच खानसाम्याने केलं, आणि त्यांचे डॉक्टर चुग १९७७ ला अपघातात गेले. खाली "शेअर करा". शास्त्रीजी गेले त्याची नीट तपासणी झाली नाही याचा मलाही राग आहे, पण या फॉरवर्डमुळे खरा प्रश्नच बाजूला पडतो म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी निळा रंग. माणूस गेला की रक्त फिरायचं थांबतं आणि खालच्या बाजूला साचत जातं, उताणं झोपवलेलं असेल तर पाठ, मानेची मागची बाजू, मांड्यांच्या मागे जांभळट निळे डाग दिसायला लागतात, दोनेक तासांत चांगले दिसतात आणि सहा-आठ तासांत तिथेच पक्के होतात. विष असो नसो, हे होतंच. शिवाय हार्ट अटॅकमध्ये दम कोंडून गेलेल्या माणसाचे ओठ, नखं, चेहरा निळसर दिसतो कारण रक्तात ऑक्सिजन कमी पडलेला असतो. उलट सायनाइडमध्ये डाग गुलाबी-लालसर येऊ शकतात, कार्बन मोनॉक्साइडमध्ये लालभडक, नायट्राइटमध्ये चॉकलेटी. विष म्हणजे निळं हे आपल्या डोक्यात नीलकंठाच्या गोष्टीपासून बसलंय, फॉरेन्सिकवाल्यांच्या टेबलावर ते चालत नाही.

कापल्याच्या खुणा. पोस्टमॉर्टेम झालं नाही मग कापलं कोणी, हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण बॉडी टिकावी म्हणून एम्बामिंग करतात तेव्हा मानेतली किंवा मांडीतली धमनी उघडून रसायन सोडतात, पोटातही नळी घालतात, आणि त्या रसायनाने कातडीचा रंगही बदलतो. खुणेची जागा, लांबी, फोटो, लेखी नोंद समोर नसेल तर नुसत्या "खुणा होत्या" वरून खून ठरत नाही हो.

खानसामा. रशियन खानसाम्याला केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याने, उचलून चौकशी केली आणि सोडलं, म्हणजे संशय त्यांनाही आला होता, तो कोणी आता काढलेला नाही. पण संशय आला म्हणजे विष सापडलं असं नसतं. आणि फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं की शास्त्रीजींना १९५९ ला हार्ट अटॅक येऊन गेला होता, पंतप्रधान झाल्यावर जून १९६४ मध्ये परत आला. त्या रात्री ते स्वतः उठून दारापर्यंत आले, डॉक्टरांना बोलवा म्हणाले, खोकल्याची उबळ, मग काही मिनिटांत संपलं. हे हार्ट अटॅकशी जुळतं. जुळतं म्हणजे सिद्ध झालं असंही नाही, हेही तितकंच खरं.

डॉ. चुगांचा अपघात ११ वर्षांनंतरचा. त्यावरून १९६६ मध्ये पोटात काय होतं ते कसं कळणार?

आता ज्यावर खरंच ओरडायला हवं ते. पोस्टमॉर्टेम ना ताश्कंदला झालं ना दिल्लीत. जठर आणि त्यातलं अन्न, लिव्हर, किडनी, रक्त, लघवी असा व्हिसेरा सील करून लॅबला द्यायचा, सोबत त्या रात्री त्यांच्या खोलीत असलेल्या थर्मासमधलं दूध द्यायचं, हे काही १९६६ ला नवीन नव्हतं, आर्सेनिक ओळखायची मार्शची टेस्ट तर १८३६ पासूनची आहे. हृदयाच्या धमन्या उघडून बघितल्या असत्या तर अटॅकचंही उत्तर मिळालं असतं. पंतप्रधान परदेशात रात्रीत गेलेत, सोबत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग, आपले यशवंतराव चव्हाण, सगळं वरिष्ठ शिष्टमंडळ, बॉडी ११ तारखेलाच दिल्लीत, १२ ला अंत्यसंस्कार, आणि मध्ये कोणालाच वाटलं नाही की एकदा तपासून घेऊ? पुरलेल्या बॉडीच्या केसांत-हाडांत आर्सेनिक वर्षानुवर्षांनी सापडतं, पण दहनानंतर तो रस्ताच बंद होतो. त्यामुळे आज "विष नव्हतंच" म्हणणाऱ्याकडेही पुरावा नाही आणि "विषच होतं" म्हणणाऱ्याकडेही नाही.

२००९ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर पीएमओने सांगितलं की या मृत्यूबाबत एक कागद आहे, पण परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून देता येणार नाही. शेअर करायचंच असेल तर हे करा आणि तो कागद मागा.