मराठी अर्ज म्हणे कायद्यानेच बाद!

आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणांनी बेळगाव महापालिकेच्या वॉर्ड कमिटीसाठी, म्हणजे नगरसेवकासोबत वॉर्डाची कामं बघणाऱ्या रहिवाशांच्या समितीसाठी, नावं गोळा करायला घेतलीत. आत्यानं आपणहून नाव दिलं होतं. वडगावात राहते, घरात दोन माग, महिला मंडळाचा हिशोब वीस वर्षं तिच्याकडे आहे आणि एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. रविवारी सकाळी सातलाच तिचा फोन आला. "माझं नाव काढ बाबा त्यातनं. मराठीत अर्ज घेत नाहीत म्हणूलालेत. वर घरपट्टीबी वाढणार. नसती ब्याद कशाला?"

कोण म्हणूलालेत? तर मोबाईलवर फिरणारा एक मेसेज. तो मलाही तिघांनी पाठवला, त्यातले दोघे शिकलेले. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: वॉर्ड कमिटीच्या सुधारणांच्या नावाखाली बेळगाव महापालिकेचे पाच तुकडे करून मराठी वॉर्ड फोडणार, कमिटी घरपट्टी वाढवणार, सदस्यांना महिना पंचवीस हजार मिळणार, नगरसेवकाला काही अधिकारच उरणार नाही, आणि शेवटी ठळक अक्षरांत, मराठीत केलेला अर्ज कायद्यानेच बाद.

शेवटच्यापासूनच सुरू करतो, कारण आत्या त्यालाच घाबरली.

कुठला कायदा? मेसेजमध्ये कलम नाही, वर्ष नाही. मी सांगतो. भारताच्या संविधानाचं कलम ३५० काढून बघा. कुठल्याही गाऱ्हाण्याचं निवारण व्हावं म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. कर्नाटकात मराठी वापरली जात नाही असं म्हणणारा कुणी असेल तर त्यानं बेळगावच्या गणपत गल्लीत उभं राहून ते मोठ्यानं म्हणून दाखवावं.

आता एखादा वकील म्हणेल की कमिटीत घ्या म्हणून भरलेला फॉर्म म्हणजे गाऱ्हाणं नव्हे. मान्य. फॉर्म कन्नडमध्ये छापलेला आला तर कन्नडमध्ये भरू, गल्लीतली दहावीची पोरं पाच मिनिटांत भरून देतील. पण फॉर्म एकदाच भरायचा असतो. त्यानंतर कमिटीपुढे जायची ती गाऱ्हाणीच: पावसाळ्याआधी बळ्ळारी नाल्यातला गाळ काढा, कोपऱ्यावरचा दिवा लावा, गटारीवरची फरशी बसवा. ही मराठीत लिहायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं कबूल करतो. मराठीत अर्ज द्यायचा हक्क आहे. उत्तर मराठीतच मिळेल असं कलम ३५० म्हणत नाही. राज्याचा राजभाषा कायदा १९६३ चा आहे आणि कारभार कन्नडमध्ये चालतो. २०२४ पासून पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालंय, ते तर रस्त्यावर दिसतंच. १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आश्वासनं ठरली, त्यांत अशी वस्ती पंधरा-वीस टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना तिच्या भाषेत छापायचं होतं. त्याचं काय झालं ते बेळगावकराला सांगायला नको; भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं विभागीय कार्यालय एकेकाळी आपल्याच गावात होतं, तरी ते झालं नाही. मलाही एका कचेरीत मराठी अर्ज टेबलावरून परत सरकवण्यात आला होता. कलम ३५० ची झेरॉक्स पुढे ठेवली, तेव्हा मुकाट्यानं पोच दिली. उत्तर कन्नडमध्ये आलं, शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं, काम झालं. म्हणजे त्रास खरा आहे, बंदी खोटी आहे. त्या टेबलामागच्या माणसानं निदान अर्ज हातात घेऊन तरी परत केला. या मेसेजनं आत्याचा अर्ज लिहिण्याआधीच परत केला, आणि तोही आपल्याच माणसांच्या हातून.

पाच तुकड्यांचं घ्या. तुकडे झाले ते बेंगळुरूचे. तिथं ग्रेटर बेंगळुरूचा वेगळा कायदा आला, तो मे २०२५ पासून लागू झाला आणि जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. त्या कायद्याच्या नावातच बेंगळुरू आहे. बेळगावला लागू आहे तो कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६. इथं ५८ वॉर्ड आहेत आणि वॉर्डांच्या हद्दी आखणं सरकारचं काम, कमिटीचं नव्हे. ज्यानं कुणी ही खिचडी केली त्यानं बेंगळुरूची बातमी वाचली आणि गावाचं नाव बदललं, बस.

घरपट्टी: कमिटीला कर बसवायचा अधिकार नाही. विषय संपला.

पंचवीस हजार: हे बिनपगारी काम आहे. पगार असता तर नावं गोळा करायला आम्हाला दारोदार फिरावं लागलं असतं काय?

आता नगरसेवकाचं. इथं मेसेज नुसता चुकत नाही, उलटा चालतो. ७४ व्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे १९९३ पासून, तीन लाख किंवा जास्त लोकवस्तीच्या शहरात वॉर्ड कमिट्या असायलाच हव्यात असं कलम २४३-एस सांगतं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पावणेपाच लाखांच्या पुढे होतं. कर्नाटकानं २०११ मध्ये महापालिका कायद्यात भर घातली, २०१६ मध्ये नियम केले. त्यानुसार वॉर्डाचा नगरसेवक हाच कमिटीचा अध्यक्ष. सोबत दहा सदस्य, त्यांत किमान तीन महिला, अनुसूचित जाती-जमातींचे किमान दोन आणि रहिवासी संघटनांचे दोन. त्यांची नेमणूक महापालिका करते. आणि कमिटीनं ठरवलेलं नाकारायचा अधिकार अध्यक्षाला! दहा जणांनी मिळून नाला म्हटलं, साहेबांनी कमान म्हटलं, तर कमान. सुधारणा मागणारे म्हणतात ते इतकंच: हा नकाराधिकार काढा, सदस्य मर्जीतले न नेमता उघड अर्ज मागवून निवडा, बैठकीचं इतिवृत्त लोकांना बघू द्या, वॉर्डाच्या पैशातला ठरावीक वाटा कमिटीच्या हातात द्या. एवढ्यानं नगरसेवकाला "काही अधिकारच उरत नाही" असं ज्याला वाटतं, त्याचे अधिकार नेमके कशावर चालले होते?

आणि सगळं नगरसेवकावर टांगून ठेवलं की काय होतं ते आपण पाहिलंय. २०१९ च्या मार्चमध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुराचं पाणी गल्ल्यांत शिरलं, आत्याच्या मागाखालीही. तेव्हा नगरसेवक कोण? कोणीच नाही. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ ला आणि महापौर मिळाला फेब्रुवारी २०२३ ला. जवळजवळ चार वर्षं. अध्यक्षच नाही तर कमिटी कुठली? गल्लीतले पंच, मंडळाची पोरं, महिला मंडळ हेच तेव्हा पाणी उपसत होते. ते कुठल्याही कायद्यात नाहीत, म्हणून त्यांच्या कागदाला कचेरीत किंमत नाही. मेसेजला राग यायचाच तर याचा यायला हवा होता.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू वकिलागत बोलूलास, पर नाल्याचं लिहून दे." लिहून दिलं नाही; तिनंच लिहिलं, हिशोबाच्या वहीतलं पान फाडून, मराठीत. सोमवारी पोच घ्यायला तिच्याबरोबर जाणार आहे. खाली सह्यांसाठी जागा सोडलीय. मेसेज पाठवणारे तिघेही याच गल्लीतले आहेत, दुपारी पान घेऊन त्यांच्याकडे जातो.