आम्ही उदाला पाण्यात पाहतो

गळ टाकून मासे धरण्याचा छंद मला गेली अठरा वर्षे आहे. मासे मिळण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही. रविवारी पहाटे उठायचे, घरातल्या कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून दिवा न लावता अंधारात चाचपडायचे, त्या चाचपडण्यात हमखास काहीतरी पाडून सगळ्यांची झोपमोड करायची, मग नदीवर जाऊन गळाला गांडूळ लावायचे आणि पाण्यावर डुलणाऱ्या बुचाकडे डोळे लावून चार-पाच तास बसायचे, असे या छंदाचे स्वरूप आहे. यातली खरी कसोटी नदीवर नसतेच, ती परतल्यावर दारात असते. रिकामी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "आज काय झालं?" एवढेच विचारले जाते, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात कुतूहलाचा लवलेशही नसतो.

या प्रश्नाची तयारी असावी म्हणून मी एक वही ठेवली आहे. तारीख, पाणी, आमिष, मिळालेले मासे आणि कारण असे तिच्यात पाच रकाने आहेत. मिळालेल्या माशांचा रकाना मी अनुभवाने अरुंद आखला असून कारणाच्या रकान्याला अर्धे पान दिले आहे. वारा उलटा होता, पाणी गढूळ होते, पाणी वाजवीपेक्षा नितळ होते, गांडुळांत उत्साह नव्हता, अशा नोंदींनी ते पान वर्षानुवर्षे भरत आले. तीन वर्षांपूर्वी मात्र या रकान्यात एक दोन अक्षरी शब्द आला आणि बाकीच्या सगळ्या कारणांना त्याने कायमची रजा दिली. तो शब्द म्हणजे 'ऊद'.

ऊद म्हणजे पाणमांजर. काही जण त्याला उदमांजर म्हणतात, आणि मग झाडावर राहणाऱ्या व नदीतल्या माशांशी काडीचा संबंध नसलेल्या एका वेगळ्याच प्राण्यावर विनाकारण बालंट येते. शब्द मोठा खानदानी आहे. संस्कृतातला 'उद्र' आणि इंग्रजीतला 'ऑटर' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. धुपाच्या उदाशी त्याचे काही नाते नाही, असे मी समजून चाललो होतो. पण उदाची ताजी विष्ठा हुंगून ओळखावी, तिला जाईची फुले घातलेल्या चहासारखा किंवा वाळक्या गवतासारखा वास येतो, असे जाणकार निरीक्षक सांगतात, हे माझ्या वाचनात आले. पुढच्याच रविवारी पाण्यालगतच्या एका सपाट दगडावर मला डांबरासारखा काळपट ठिपका दिसला. त्यात माशांचे खवले चकाकत होते आणि मोहरीएवढे मणके स्पष्ट मोजता येत होते. मी गुडघे टेकले, नाक दगडाला लावले आणि डोळे मिटले. वास खरोखरच वाईट नव्हता. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, "देवापुढे घालतात तो ऊद वेगळा, बरं का!"

आबा हे आमच्या काठावरचे सर्वांत ज्येष्ठ गळवाले. नदीतले मासे कमी का झाले, या विषयावर दर रविवारी त्यांच्या अध्यक्षतेखाली आमची बैठक भरते, आणि ठराव दर वेळी एकच मंजूर होतो: उदाने खाल्ले. उदाला आम्ही सगळेच पाण्यात पाहतो, आणि हे मी शब्दशः सांगतो आहे. एकाने त्याला पुलाखाली पाहिलेले असते, दुसऱ्याने मोठ्या डोहात, तिसऱ्याने तिथून चार मैल खाली ओढा मिळतो त्या ठिकाणी. आबा या सगळ्या दर्शनांची बेरीज करतात. मागच्या पावसाळ्यानंतर ती बेरीज बारावर गेली. बारा उदांनी रोज एक किलो मासे खाल्ले तर वर्षाला चार हजार तीनशे ऐंशी किलो होतात, हा गुणाकार त्यांनी माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर करून दाखवला.

रोजचा किलोभर हा हिशेब अतिशयोक्तीचा नाही. उदाच्या कातडीखाली देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. थंड पाण्यात त्याला ऊब देते ती दाट लव, आणि अंगातली शेगडी पेटती ठेवायला त्याला दिवसाकाठी आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के अन्न लागते. (या प्रमाणाने मला रोज नऊ-दहा किलो जेवावे लागले असते. दारातल्या प्रश्नाचा सूर तेव्हा आणखीच बदलला असता.) चूक होती ती बाराच्या आकड्यात. मी नम्रपणे म्हणालो, "आबा, एकेक नर नदीच्या वीस-वीस, कधी चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात फिरतो, दगडोदगडी विष्ठेने आपली हद्द आखतो आणि दुसऱ्या नराला तिथे सहसा टिकू देत नाही. आपण बारा जणांनी पाहिलेला ऊद बहुधा एकच आहे."

आबांनी क्षणभर विचार केला. "मग तो बारा वेळा खातो, असं म्हण."

अशा माणसापुढे पुरावे मांडण्यात अर्थ नसतो, तरी मी ते मांडले, कारण मासे लागत नसताना माणसाकडे वेळ पुष्कळ असतो. उदावरचा हा राग आजचा नाही. इंग्लंडात १५६६ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत उपद्रवी प्राणी मारण्याचा कायदा झाला, त्यात उदाच्या डोक्याला दोन पेन्स बक्षीस होते आणि बिचाऱ्या खंड्याला एक पेनी. चार शतके हा उद्योग चालला. पण उदाला खरोखर हद्दपार केले ते बियाण्यांना आणि मेंढ्यांच्या अंगाला लावल्या जाणाऱ्या डील्ड्रिनसारख्या कीटकनाशकांनी, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. विष पाण्यात, पाण्यातून माशात आणि माशातून उदात गेले. १९७७ ते १९७९ या काळात इंग्लंडभर त्याच्या खुणा शोधल्या तेव्हा त्या तपासलेल्या ठिकाणांपैकी जेमतेम सहा टक्के ठिकाणी सापडल्या.

आता आबांच्या सिद्धान्तानुसार त्या काळात तिथल्या नद्या माशांनी उतू जायला हव्या होत्या. झाले उलटेच. उदाचे सर्वांत आवडते खाणे म्हणजे अहिर मासा, ज्याला इंग्रजीत ईल म्हणतात. युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या अहिराच्या पिल्लांची संख्या १९८०च्या सुमारापासून कोसळू लागली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. म्हणजे चोरी झाली त्या रात्री संशयित गावातच नव्हता. तो परतला सावकाश. इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ऊद पुन्हा दिसू लागल्याचे २०११ साली जाहीर झाले, आणि परतल्याबरोबर त्याच्या हातात जुन्या चोरीचे समन्स पडले.

हे ऐकून आबा म्हणाले, "मग खाल्ले कोणी?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आम्हांला बसल्या जागेवरून दिसत होते. वर बंधारा आहे. अंडी घालायला वर चढणारा मासा त्याच्या भिंतीवर डोके आपटून परततो. बंधाऱ्याखाली वाळू आणि गोटे उपसलेले आहेत. माशाची अंडी ज्या खडीच्या फटीत वाहत्या पाण्याचा प्राणवायू घेत वाढतात, तिथे आता गाळ बसतो आणि अंडी गुदमरतात. डाव्या काठाला एक नळ आहे, ज्यातून कधी फेस येतो आणि कधी नुसताच वास. उन्हाळ्यात पाणी उथळ होऊन तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. ही कथा आमच्याच नदीची नाही. स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या जगभर मोजल्या गेलेल्या समूहांत १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८१ टक्के घट झाली आहे. इतके मासे खायला उदाला दुसरा धंदा सोडून द्यावा लागेल, आणि त्याला मुळात दुसरा धंदा नाही.

पण नळ मासा खाताना दिसत नाही. बंधाऱ्याला मिशा नसतात. ऊद मात्र भर उजेडात दगडावर बसतो, दोन्ही पंजांत मासा मक्याच्या कणसासारखा धरतो, डोक्यापासून सुरुवात करून कडाकडा चावत शेपटीपर्यंत जातो, आणि हे सगळे रिकामी पिशवी घेऊन बसलेल्या माणसासमोर. याला मी क्रौर्य म्हणणार नाही, पण सभ्यपणाही म्हणणार नाही.

गळवाल्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र नाही. बंदिस्त तळ्यात वीस-वीस वर्षे वाढवलेला, मालकाला खवल्यानिशी ओळखता येणारा मासा एका रात्रीत अर्धवट खाल्लेला सापडला, तर त्या माणसापुढे अन्नसाखळीवर व्याख्यान देण्याचे धाडस मी करणार नाही. त्याने तळ्याला कुंपण घालावे आणि मी खांब धरायला जावे, हेच बरे. नदीतही पिल्ले जगत नसतील आणि मोजके म्हातारे मासे उरले असतील, तर त्यांतला एकेक मासा ऊद उचलतो तेव्हा ती हानी खरीच असते. मात्र पंगत आधीच उठलेली असते. शेवटचा घास घेताना सापडल्यामुळे सगळे ताट त्यानेच चाटून पुसले, असा देखावा तयार होतो.

आमच्या जमातीने योग्य माणसाची गचांडी कधी धरलीच नाही, असेही नव्हे. इंग्लंडातल्या डर्बी येथील गळवाल्यांच्या मंडळाने डरवेंट नदी नासवल्याबद्दल दावा लावला आणि १९५२ साली अपील न्यायालयातही तो जिंकला. प्रतिवादी होते एक कारखाना, शहराचे मैलापाणी सोडणारी नगरपालिका आणि नदीत गरम पाणी ओतणारे वीजकेंद्र. ऊद प्रतिवादींमध्ये नव्हता. आणि बांगलादेशातल्या नराईल भागातले मच्छीमार तर उदाला दोरीने बांधून पाण्यात सोडतात व त्याच्याकडून मासे जाळ्याकडे हाकून घेतात. तिथे तो चक्क कामावर आहे. हे सांगितल्यावर आबांनी प्रथमच रस दाखवला. "दोरी किती लांब लागते?" असे त्यांनी विचारले. माझ्या सगळ्या युक्तिवादाचे एवढेच फळ मिळाले.

त्या रात्री मी वही उघडून एक काम केले, जे फार आधीच करायला हवे होते. उदाच्या आगमनाआधीची पंधरा वर्षे आणि नंतरची तीन अशी माशांची बेरीज केली. उदपूर्व काळात मला पंधरा वर्षांत अकरा मासे मिळाले होते, उदोत्तर काळात तीन वर्षांत तीन. म्हणजे ऊद आल्यापासून माझी वार्षिक सरासरी पाऊण माशावरून चक्क एका माशावर गेली होती. मी आकडेमोड दोनदा तपासली, पान दुमडले आणि वही कपड्यांच्या खाली ठेवली. हा निष्कर्ष आबांच्या हाती लागणे माझ्या प्रतिष्ठेला परवडणारे नव्हते, आणि घरच्यांच्या हाती लागणे त्याहूनही नव्हते.

गेल्या रविवारी पाणी शांत होते. सातच्या सुमारास माझे बूच एकदा थरथरले, आडवे झाले आणि खसकन आत गेले. मी काठी उचलली. दोरी क्षणभर ताणली, मग ढिली पडली, आणि वर आला तो नुसता गळ, गांडूळ अगदी धुवून नेल्यासारखे साफ. हे काम बोटभर लांबीच्या चिंगळ्यांचे असते, हे अठरा वर्षांत मला पुरते कळलेले आहे. पण त्याच वेळी पलीकडच्या काठाजवळ बुडबुड्यांची एक रेघ पाण्यावर उमटत गेली, एक चपटे तपकिरी डोके वर आले, मिशांवरचे पाणी झटकून त्याने माझ्याकडे निवांतपणे पाहिले आणि ते पुन्हा आत गेले.

"काय लागलं होतं रे?" आबांनी वरच्या अंगाने हाक दिली.

मी रिकाम्या गळाकडे पाहिले. दारातला प्रश्न आठवला.

"ऊद आला, आबा!"

"केवढा?"

मी काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात जितके पसरता येतील तितके पसरले. आबांनी ते अंतर डोळे बारीक करून नीट मोजले आणि खिशातून पेन्सिल काढत समाधानाने म्हणाले, "मग हा तेरावा."