सुतारकामाची अप्रेंटिसशिप : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

नाशिकच्या सातपूर, अंबडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘सुतारकामाच्या आयटीआयला दहावी पास हवी, कोर्स दोन वर्षांचा, नंतर बिल्डरकडे अप्रेंटिसशिप केली की नोकरी पक्की. नोंदणीसाठी पैसे भरा.’ यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास चालते. दहावीत गणितात अडकलेल्या पोरांना हा मेसेज वाचून उगाच घरी बसवू नका. त्या वर्षात रंधा, करवत, पटाशी हातात बसते. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून चौकटीचा कोपरा तपासताना पातीखालून जरा जरी उजेड दिसला, तरी सांधा पुन्हा घासावा लागतो. साइटवर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्या ठोकताना हीच नजर कामी येते.

आयटीआय न करताही अप्रेंटिस होता येतं; मात्र आधी बेसिक ट्रेनिंग घ्यावं लागतं.

‘नोकरी पक्की’ हे तर साफ खोटं. अप्रेंटिसेस ॲक्ट, 1961 नुसार अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर ठेवण्याची मालकावर सरसकट सक्ती नाही. विद्यावेतन मात्र द्यावंच लागतं. त्यासाठी लेखी करार असतो, तो नीट वाचून सही करा.

आणि पैसे? सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर उमेदवाराची नोंदणी फुकट आहे. कुणी ‘फॉर्म भरून देतो, एवढे टाका’ म्हणालं, तर तो त्याचा धंदा समजा.