रिकव्हरी पार्टिशन उडवायला सांगणारा मेसेज

"कंपनी तुमच्या लॅपटॉपमधली जागा लपवते. रिकव्हरी पार्टिशन डिलीट करा, जागाही मिळेल आणि लॅपटॉप पळेलही. विंडोज काय, नेटवर फुकट मिळतं." खाली तीन-चार कमांड. मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा हा मेसेज घातक आहे. रिकव्हरी पार्टिशन म्हणजे विंडोज बिघडलं तर ते दुरुस्त करायची साधनं ठेवलेला, डिस्कचा वेगळा भाग.

आधी लपवलेल्या जागेचं बघू. ५१२ जीबीची एसएसडी घेतली आणि विंडोजमध्ये ४७६ दिसले की माणूस चिडतो, पण ती जागा कुणी चोरलेली नसते. कंपनी १०० कोटी बाइट्सला एक जीबी म्हणते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन साधारण ५०० एमबी ते १ जीबीचं. लॅपटॉप कंपनीचं वेगळं असलं तर ते मोठं असतं, पण त्यात त्याच मॉडेलचे ड्रायव्हर, म्हणजे त्याचे भाग चालवणारे प्रोग्रॅम, असतात.

वेग वाढत नाही. ते पार्टिशन एरवी नुसतं पडून असतं. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर डाउनलोड फोल्डर साफ करा.

खरी भीती त्या कमांडची वाटते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये रिकव्हरी पार्टिशनवर राइट क्लिक केलं तर डिलीटचा पर्यायच येत नाही, नुसतं 'हेल्प' दिसतं. विंडोजने मुद्दाम लावलेलं हे कुलूप 'डिस्कपार्ट' या टाइप करून चालवायच्या साधनातली 'ओव्हरराइड' कमांड तोडते. तिथे पार्टिशनला फक्त नंबर असतात. शेजारीच विंडोज सुरू करणारं ईएफआय पार्टिशन असतं, तेही लहान आणि ड्राइव्ह लेटर नसलेलं. एक आकडा चुकला की विंडोज सुरूच होत नाही, आणि नेमकं दुरुस्तीचं साधनही तुम्ही उडवलेलं असतं.

विंडोज नेटवर मिळतं, हे खरं. पण त्यासाठी दुसरा चालू कॉम्प्युटर आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. उद्या प्रोजेक्ट द्यायचाय आणि रात्री अकराला लॅपटॉप बसला, तर ते कुठून आणणार? रिकव्हरी शाबूत असेल तर तिच्यातलं स्टार्टअप रिपेअर, म्हणजे विंडोज सुरू होत नसेल तर करायची दुरुस्ती, निदान लगेच करून बघता येतं.

मेसेजला उत्तर देताना काहीजण उलट्या टोकाला जातात: "रिकव्हरी आहे ना, मग बॅकअप कशाला?" तिच्यात तुमचे फोटो नसतात. शिवाय ती त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की तीही गेली. फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा आणि निदान १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावून तो आजच बनवून ठेवा; पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची की कागदावर उतरवा. आणि लॅमिंग्टन रोडला नवीन एसएसडी टाकून घेताना दुकानदाराला आधीच बजावा: नुसता सी ड्राइव्ह नको, अख्खी डिस्क क्लोन करून द्या, म्हणजे सगळ्या पार्टिशनसकट हुबेहूब प्रत.