रंग मोकळा सोडला म्हणजे एडीएचडी रंगवला, असं होत नाही

सध्या एक दावा भरपूर फिरतोय. एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, चंचलता, उतावळेपणा अशी लक्षणं असलेली अवस्था) असलेल्यांनी जलरंगात निसर्गचित्रं काढावीत, कारण तिथे आखणी लागत नाही, थांबावं लागत नाही. कागद ओला करायचा, रंग सोडायचा, मनातला गोंधळ आपोआप उतरतो, मन शांत होतं आणि औषधांचीही गरज उरत नाही.

शेवटचा भाग आधी निकालात काढू. चित्र काढून बरं वाटू शकतं, पण ते उपचारांची जागा घेत नाही. औषध सुरू-बंद करणं डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.

“आखणी लागत नाही.” उलट, नेहमीच्या माध्यमांत जलरंगाइतकी आधी आखणी मागणारी माध्यमं थोडीच. रंग पारदर्शक असतो, म्हणून फिकटाकडून गडदाकडे जावं लागतं. पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. पाण्यावरची चमक कुठे सोडायची, हे पहिल्या वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या पसरट थराच्या, आधी ठरलेलं हवं. एडीएचडीत असा क्रम डोक्यात धरून ठेवणं अनेकांना जड जातं, म्हणून तो डोक्याबाहेर काढावा. पेन्सिलीने ५ × ७ सेंटीमीटरचं छोटं रेखाटन करा, त्यात फक्त तीन छटा: कोरा, मधला, गडद. मग बोर्डाच्या कडेला टेप लावून त्यावर लिहा: आकाश, सुकू दे, लांबचे डोंगर, सुकू दे, झाडं. रंगही तीनच घ्या: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. पहिल्या दोघांतून चांगले करडे मिळतात. बारा वड्या समोर असल्या की निम्मा वेळ निवडण्यातच जातो.

“थांबावं लागत नाही.” सगळ्यांत जास्त चित्रं याच सल्ल्याने बिघडतात. ओल्या कागदाच्या अवस्था ओळखाव्या लागतात. पाणी चकाकत असताना सोडलेला रंग लांबवर पसरतो: ढग, धुकं. चकाकी मंद झाली की ब्रशवर पाणी कमी आणि रंग दाट ठेवून मऊ कडांची झाडं उमटतात. नेमक्या याच वेळी पाणीदार ब्रश टेकवला, तर जास्तीचं पाणी अर्धवट सुकलेला रंग बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखा काठ उठतो. चकाकी गेली पण कागद हाताला गार लागतोय, तर हात लावू नका.

अडचण अशी की एडीएचडीत वेळेचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. “झालं असेल सुकून” असं वाटतं तेव्हा मिनिटच झालेलं असतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका. टायमर लावा आणि तो वाजला की हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवून पाहा. हेअर ड्रायर चकाकी गेल्यावरच; त्याआधी तो साचलेलं पाणी ढकलून डाग पाडतो. वाट पाहताना हाताला काम हवं असेल तर दुसरा बोर्ड घ्या, पण त्यावर पेन्सिलीचंच काम ठेवा. दोन्ही ओले असले की दोन्ही हातचे जातात. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, साधारण १९ × २८ सेंटीमीटरचा, चारही बाजूंनी टेप लावलेला. पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

“गोंधळ आपोआप उतरतो.” उतरतो तो फक्त चिखल. शिवाय एडीएचडी म्हणजे केवळ धांदल नव्हे. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, अवधान हरवण्याचं प्राबल्य असलेलं स्वरूपही वेगळं दिलंय. अनेकांचं लक्ष कमी नसतं, ते हवं तिथे वळत नाही. हे रंगवायचं तर कडांतून रंगवता येतं. रूढ निसर्गचित्रात सर्वांत धारदार कडा आणि छटांमधला सर्वांत मोठा फरक मुख्य विषयावर असतो. तो विषय, समजा घर, ओल्या कागदावर ओला रंग सोडून विरघळवा आणि कोपऱ्यातला कुंपणाचा एकच खांब, त्याच्या तारेसकट, लांब, बारीक केसांच्या रिगर ब्रशने अगदी बारकाईने काढा. नजर घराकडे जायला निघते आणि खांबात अडकते. अशा जागा दोन, फार तर तीन. सगळंच धारदार केलं तर अनुभव दिसत नाही, नवशिकेपणा दिसतो.

तुटलेलं काम दाखवायचं तर आकाशाचा वॉश मध्येच थांबवून त्याची कड सुकू द्या आणि नव्याने कालवलेल्या, किंचित वेगळ्या निळ्याने पुढे न्या. मघाची फुलकोबीही इथे मुद्दाम उठवता येते, पण एकदाच. वेळ हातातून सुटणं दाखवायला डाव्या भागात आखूड सावल्या आणि उजवीकडे लांबलेल्या. दुपार आणि संध्याकाळ एकाच शेतावर.

हायपरफोकसचा, म्हणजे एकाच गोष्टीत इतकं गुंतणं की बाहेर पडता येत नाही, याचा उल्लेख त्या दाव्यात नाहीच. तो निदानाच्या निकषांत नाही, पण अनेकजण त्याचं वर्णन करतात, आणि जलरंगात तो महाग पडतो. तोच कोपरा घासत राहिलं की कागदावरचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं, तंतू उठतात आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो. तिसरा थर शेवटचा, हे त्याच टेपवर लिहून ठेवा.

इतकं करूनही सुकण्याची वाट असह्य होत असेल तर जलरंगाचाच हट्ट कशाला? ग्वाश हा पाण्यातच कालवायचा रंग अपारदर्शक असतो, गडदावर फिकट चढवता येतो. फक्त खालचा थर पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून वरचा रंग साईइतका दाट घ्या आणि एका फटकाऱ्यात ठेवून ब्रश उचला.