सांभाळते आजी, आणि पुस्तिका मात्र वाचता येणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या तालुक्यात दिव्यांग मुलांच्या पालकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. मी विशेष शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात गावोगाव फिरून अकरा वर्षं हेच काम करते. त्या दिवशी आयोजनात मीही होते, म्हणून पुढे जे लिहिते आहे त्याची जबाबदारी माझ्यावरही आहे. पडदा, प्रोजेक्टर, पन्नासेक स्लाइड, दुपारी जेवण, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात चोवीस पानांची गुळगुळीत पुस्तिका.

सगळे पांगल्यावर एक आजी माझ्याकडे आल्या. पुस्तिका पदरात गुंडाळून घेतली होती. म्हणाल्या, "बाई, हे मी जपून ठिवते. पोरगा आला की वाचून दाखवील."

पोरगा आणि सून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले. पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय ते परत येणार नव्हते, म्हणजे मार्च नाहीतर एप्रिल. तोवर सहा वर्षांचा नातू या आजींच्या हवाली. त्याला सीपी आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नसणं. मान अजून नीट धरत नाही.

आठवड्याभरानं मी त्यांच्या घरी गेले तेव्हा जेवणाचीच वेळ होती. आजी मांडी घालून बसलेल्या, लेकरू मांडीवर आडवं, मान मागे कललेली. दुधात कुस्करलेली भाकर त्या बोटांनी वरून त्याच्या तोंडात सोडत होत्या. दोन घास झाले की ठसका, डोळ्यांत पाणी, घशात घुरघुर. मग पाठीवर थोपटायचं, थांबायचं, पुन्हा भरवायचं. एका वाटीला पाऊण तास. "असंच खातो हा, पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. त्या वर्षात दोनदा न्यूमोनिया होऊन त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. या घुरघुरीचा आणि त्या न्यूमोनियाचा संबंध असू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या स्लाइडवर ते होतं. जेवण भरवताना मुलाला कसं बसवावं, या चित्राखाली, बारीक अक्षरात, चौथा मुद्दा. पडद्यावर ती स्लाइड मिनिटभर राहिली असेल. त्या आजी सकाळी अकरापासून चारपर्यंत तिथे बसून होत्या, नातवाला मांडीवर घेऊन. नेमकी त्यांच्यासाठी असलेली एकमेव गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली आणि त्यांना कळलीही नाही.

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून घरातच जागा केली. दोन भिंतींचा कोपरा, पाठीमागे गुंडाळलेली वाकळ, दोन्ही बाजूंना उशा, गुडघ्यांखाली आणखी एक घडी. लेकरू ताठ बसलं. डोकं मधोमध, हनवटी किंचित छातीकडे. मान मागे पडली की घास गिळण्याआधीच घशात उतरतो आणि श्वासाच्या नळीत जाऊ शकतो, हे मी त्यांना त्यांच्याच मानेवर करून दाखवलं. "मान वर करून पाणी गिळून बघा," म्हटलं. त्यांनी गिळलं, ठसका लागला, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे काही सांगावंच लागलं नाही. मग उथळ चमचा, समोरून आणि जरा खालून. भाकर पातळ दुधात न सोडता घट्टसर कालवायची. एक घास गिळून झाला की दुसरा. जेवण झालं की अर्धा तास आडवं करायचं नाही.

मी निघाले तेव्हा आजी म्हणाल्या, "बाई, तुम्ही गेल्यावर मी इसरन."

त्यांच्याकडे बटणांचा मोबाइल होता. त्यात मेमरी कार्ड, कार्डात हरिपाठ आणि भजनं. रोज पहाटे ऐकायच्या. मी तिथेच ओट्यावर बसून माझ्या फोनवर सगळं बोलून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्डात भरून दिलं. पहिलं रेकॉर्डिंग सात मिनिटांचं झालं. त्यांनी ऐकलं आणि सांगितलं, लई लांब आहे, आणि मधीच काय म्हणता ते कळंना. मी त्यात 'पोझिशन' म्हणाले होते, 'गिळण्याची प्रक्रिया' म्हणाले होते. मग तीन तुकडे केले. बसवायचं कसं, भरवायचं कसं, जेवल्यावर काय. प्रत्येक दोन मिनिटांचा, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाक्य संपलं की हात हलवायला पुरेल एवढी शांतता. ती शांतता मला आजींनी शिकवली. कारण ऐकता ऐकता त्या वाकळ सरकवत होत्या, आणि मी पुढचं वाक्य सुरू केलं की त्यांचं अर्धवट राहायचं.

ठसका पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही. कमी झाला. लेकराला जिल्हा रुग्णालयातही पाठवलं, कारण गिळण्याचा त्रास नुसत्या घरच्या उपायांवर सोडायचा नसतो. पण वाटी संपायला पाऊण तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटं लागू लागली, आणि आजी स्वतःही गरम भाकर खाऊ लागल्या.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आपण प्रशिक्षणात दिवसभर लोकांना सांगतो की मुलाला जमेल अशा पद्धतीनं शिकवा. दिसत नसेल तर हाताला द्या, ऐकू येत नसेल तर डोळ्यांना द्या, एका वेळी एकच सूचना द्या. आणि हे सांगतो पन्नास स्लाइडवर, एका दमात, छापील भाषेत, कुणाला वाचता येतं आणि कुणाला दिसतं याची चौकशी न करता. समोर बसलेल्या माणसासाठी आपण स्वतः जर एवढंही केलं नाही, तर त्यानं लेकरासाठी ते करावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर धरायची?

याच पुस्तिकेचा दुसरा अनुभव सांगते. एका स्वमग्न मुलीचे वडील स्वतः नेत्रहीन आहेत. प्रशिक्षणाला येऊ शकले नाहीत, म्हणून मी त्यांना पुस्तिकेची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. फोन वाचून दाखवतो, त्यामुळे त्यांची सोय होईल असं मला वाटलं. तासाभरानं त्यांचं व्हॉइस नोट आलं. ते काही बोलले नव्हते, फक्त त्यांचा फोन ती पुस्तिका कशी वाचतोय ते ऐकवलं होतं. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, पुन्हा अक्षरं. एकही मराठी शब्द नाही.

कारण साधं आहे आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पुस्तिका युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतलं अक्षर सगळ्या यंत्रांना सारखंच ओळखता येईल अशा पद्धतीच्या, आधीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेली होती. या फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर, म्हणजे फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतलं वाचतो. आणि ज्या फायली कागद स्कॅन करून केलेल्या असतात, त्यांत तर वाचायला काही नसतंच, पानभर नुसता फोटो. तिथे फोन बहुतेक वेळा गप्प बसतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या योजनांच्या रंगीत पोस्टरचंही तेच. ज्या माणसासाठी योजना, त्याच्याच फोनला ती वाचता येत नाही.

मी आणि एका अंगणवाडी ताईंनी मिळून ती चोवीस पानं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. मथळे मथळा म्हणूनच टाकले, म्हणजे ऐकणाऱ्याला एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचं वर्णन लिहिलं. चार संध्याकाळी गेल्या. खर्च शून्य. ते वडील आता म्हणतात, आधी शाळेतून काय सांगितलं ते बायकोला विचारावं लागायचं, आता मीच तिला वाचून दाखवतो.

हे सगळं कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याची सुरुवातीची व्याख्या फार कमी लोक वाचतात. संवाद म्हणजे काय, याच्या यादीत तिथे ब्रेल आहे, मोठ्या अक्षरातला मजकूर आहे, सांकेतिक भाषा आहे, आणि त्याच ओळीत सोपी भाषा आणि वाचून दाखवणारा माणूसही आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या आजींचं "पोरगा वाचून दाखवील" आठवलं. कायद्यानं तो पोरगा गृहीत धरलाय. तो सहा महिने उसाच्या फडावर असतो, हे मात्र आपणच लक्षात घ्यायला हवं. पुढे कलम ४२ मध्ये ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला सगळा मजकूर वापरता येईल अशा स्वरूपात असावा, याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

कर्णबधिर आईवडिलांबद्दल तर आम्ही फारच मागे आहोत. माझ्या भागात एक आई आहे, तिला ऐकू येत नाही, तिच्या मुलालाही. तिला आम्ही जे व्हिडिओ दाखवले त्यांत बोलणारा माणूस होता, खाली अक्षरं नव्हती, सांकेतिक भाषा नव्हती. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं दहा हजार शब्दांचा कोश केला आहे, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पीएम ई-विद्या या शैक्षणिक उपक्रमाची सांकेतिक भाषेसाठीची टीव्ही वाहिनीही सुरू झाली. वरती साधनं तयार होत आहेत. तालुक्यात त्या आईसमोर बसून खुणांत सांगणारं माणूस अजून आमच्याकडे नाही. मी स्वतः शिकते आहे, हळूहळू.

आता अंगणवाडीवरही हे काम आलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती आणली. लहान वयातच लक्षणं ओळखायची, घरच्यांना सोबत घ्यायचं, पुढच्या तपासणीला पाठवायचं. मला हे मनापासून पटतं, कारण तीन वर्षांच्या आत सापडलेलं मूल आणि सहाव्या वर्षी शाळेच्या दारात सापडलेलं मूल यांतला फरक मी रोज बघते. पण ताईंच्या अंगावर किती कामं आहेत तेही बघते. आहार, वजन, उंची, मोबाइलमधली नोंद, सर्वेक्षण. त्यांना शंभर पानांची पीडीएफ पाठवून "वाचून घ्या" म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्या एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाताना ऐकतात. मला तसं चार-पाच जणींनी सांगितलं आहे.

"एवढं सगळं सगळ्या प्रकारांत कोण करत बसणार?" हे मला बैठकीत विचारलं जातं. माझं उत्तर असतं की आधी कमी करा. पन्नास स्लाइडमधल्या पाच ठेवा, आणि त्या पाच ऐकता येतील, बघता येतील, हात लावून कळतील अशा करा. आणि एक सांगते, नुसता ऑडिओ किंवा नुसता व्हिडिओ दिला की झालं, असं मानणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मूल उचलायचं कसं, बसवायचं कसं, हे हातांचं ज्ञान आहे. पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसून, त्या आजींच्या हातांवर आपला हात ठेवूनच ते द्यावं लागतं. रेकॉर्डिंग आठवण करून देतं. तेवढ्यासाठीच ते आहे, आणि तेवढं फार असतं.

प्रशिक्षणाचा हिशेबही बदलायला हवा. आज हजेरीपटावरच्या सह्या आणि अंगठे मोजले जातात. अंगठा दिसला की त्या माणसाला पुस्तिका द्यायची नसते, हेसुद्धा त्याच हजेरीपटावरून कळतं. महिन्याभरानं त्यातल्या दहा घरी जेवणाच्या वेळेला जाऊन बघा, एवढीच माझी मागणी आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका बाळाला सीपी असल्याचं कळलं. त्याच्याही घरी आजीच सांभाळणारी. मी माझं रेकॉर्डिंग द्यायला निघाले होते, पण आधी या आजींना विचारलं, तुम्हीच बोलता का? त्या लाजल्या, मग पदर सावरून बसल्या आणि माझ्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "हे बघ माय, लेकराला आडवं घेऊन भरवू नको. मी सहा वर्सं तसं केलं. त्याला मागून वाकळ लाव, अन् चमचा खालून आण."

मग थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं विसरल्या, म्हणून मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "थांबा की. तिला वाकळ लावू द्या."